एकवीस दिवसांची मुदत ठेव

चाळिशी उलटलेल्या माणसाने नवीन काही सुरू करू नये, जुने जे काय सुरू आहे तेच एकेक करून बंद करत जावे, असे आमच्या शाखेच्या हेडकॅशियरचे मत आहे. त्यांनी स्वतः चाळिशीनंतर पान खाणे, पंचगंगेत पोहणे आणि पत्नीला उलट उत्तर देणे ही तीन खाती कायमची बंद केली. त्यामुळे मी घरी अंडी उबवायला घेतली आहेत, ही बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा नोटांची गड्डी मोजता मोजता ते मध्येच थांबले. असे मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

"कुणी?"

"मी."

"स्वतः?"

"म्हणजे पेटीत ठेवून."

"मग ठीक आहे," असे म्हणून त्यांनी गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

या सगळ्याच्या मुळाशी आमची कन्या. वय वर्षे दहा. शाळेत विज्ञान प्रदर्शन होते आणि इतर मुलांचे ज्वालामुखी आणि पवनचक्क्या आधीच ठरून गेल्या होत्या. "बाबा, आपण कोंबडीशिवाय पिल्लू काढायचं," असे तिने जेवताना जाहीर केले. आता आमच्या घराची परिस्थिती अशी, की आमच्याकडे अंडे येते ते वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या दाराने; आणि उकडले जाते ते आई नदीपलीकडे वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली की. नरसोबाची वाडी आमच्या कुरुंदवाडपासून इतकी जवळ आहे की आरतीची घंटा सुरू झाल्यापासून अंडे साफ सोलून होईपर्यंत हाताशी वेळ फार थोडा असतो. अशा घरात एकदम डझनभर अंडी, तीही समोरच्या दाराने आणायची!

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "खायची नाहीत ना?"

"नाही. उबवायची."

"मग आण. पण देवघरापासून लांब ठेव." आणि थोडे थांबून, "आणि त्यांच्यासमोर अंड्याचं नाव काढू नका," असेही ती म्हणाली. समोर म्हणजे कुणाच्या, हे मी विचारले नाही.

अंडी दिली तेरवाडच्या मावशींनी. बचत गटाचे पासबुक भरून घ्यायला त्या दर आठवड्याला आमच्या काउंटरवर येतात. मी आधी दुकानातली पांढरी अंडी उबवायच्या बेतात होतो. ते ऐकून मावशी इतक्या हसल्या की मागची रांग दोन पावले मागे सरकली. "सायेब, त्या अंड्यात कोंबडा नसतोय. वरीसभर उबवली तरी नासतील फकस्त." बी.कॉम. झालेल्या माणसाला ही गोष्ट काउंटरच्या पलीकडून कळावी! दुकानातली अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना आयुष्यात कोंबडा दिसलेला नसतो. त्या अंड्यात मुद्दल असते, पण त्यावर व्याज कधीच सुरू होत नाही.

मावशींची पद्धत सोपी. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे जागेवरून उठेनाशी झाली, अंगावर गेले की फुगून गुरकावू लागली, की बुट्टीत पेंढा घालायचा, दहा-बारा अंडी ठेवायची, विजेच्या कडकडाटाने बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवायचा आणि तिला वर बसवायची. पुढचे एकवीस दिवस मावशींना काही काम नाही. कोंबडी दिवसातून एकदा, पाव तासासाठी दाणा-पाण्याला उठते. पोटाखालची पिसे झडून तिथली कातडी उघडी पडलेली असते, ती थेट अंड्याला लागते. दिवसरात्र ती चोचीने अंडी फिरवत असते, कडेची आत आणि आतली कडेला. यातले तिला कुणी काही शिकवलेले नाही. मला हे सगळे शिकायचे होते, म्हणून मी वाचायला बसलो आणि इतिहासात पडलो. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर सुटला होता. संताजी घोरपड्यांची समाधी आमच्या संगमावर आहे, एवढ्या भांडवलावर मी पाहुण्यांसमोर आजवर निभावून नेत आलो आहे.

तर कोंबडीवाचून अंडी उबवण्याचा उद्योग फार जुना आहे. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, की इजिप्तमध्ये लोक अंडी उकिरड्यात पुरतात आणि ती तिथल्या उबेने फुटतात. त्याच ठिकाणी त्याने सिराक्यूज शहरातल्या एका दारुड्याची हकिकत दिली आहे. हा गृहस्थ आपल्या चटईखाली मातीत अंडी ठेवायचा आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत वर बसून सलग पीत राहायचा. बैठकीला आपण होऊन मुदत घालून घेणारा इतका शिस्तीचा पिणारा दुसरा झाला नसेल. मी ही गोष्ट हेडकॅशियरना सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "एकवीस दिवस? त्याची रजा मंजूर कुणी केली?"

पण खरी कमाल आहे ती इजिप्तच्या भट्ट्यांची. कच्च्या विटांची लांबलचक इमारत, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दुमजली खोल्या. खालच्या मजल्यावर अंडी, हजारांनी. वरच्या मजल्यावर शेणाच्या गोवऱ्या आणि काड्यांचा मंद जाळ. काही दिवसांनी जाळ बंद करायचा, कारण वाढलेली पिल्ले आतून स्वतःच उष्णता देऊ लागतात. नाईलच्या मुखाकडच्या बर्मा नावाच्या गावातले लोक या कामातले वाकबगार. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची आणि बाहेरच्याला सांगायची नाही असा दंडक होता. प्रवाशांनी लिहून ठेवले आहे की गिऱ्हाइकाने तीन अंडी आणून दिली तर भट्टीवाल्याने दोन पिल्ले परत करायची. म्हणजे सहासष्ट टक्के वसुलीची हमी, तीही जामीन न घेता! आमच्या शाखेत असा आकडा आला तर साहेब पेढे वाटतील. वाडीचेच, पण वाटतील.

आणि या भट्ट्यांमध्ये थर्मामीटर नव्हता. तो जगातच नव्हता. मग ऊब मोजायची कशी? भट्टीवाला अंडे उचलून स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर टेकवायचा. पापणीची कातडी पातळ. बरोबर ऊब कोणती हे तिला ठाऊक असते. पेटीपुढे बसून हे वाचले तेव्हा मी हसलो होतो. पंधरवड्यात ते हसू परत घ्यावे लागणार आहे याची मला कल्पना नव्हती.

पापणी सोडून यंत्राकडे वळायला माणसाला फार वेळ लागला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ड्रेबेल नावाच्या एका डच खटपट्याने इंग्लंडात बसून अशी भट्टी केली, की उष्णता वाढली की आतला पारा सरकून हवेची झडप आपोआप मिटायची. पुढे फ्रान्समध्ये रोमूर झाला. याने आधी स्वतःच्या नावाचा थर्मामीटर काढला आणि मग तो कुठेतरी वापरायला हवा म्हणून की काय, अंड्यांकडे वळला. घोड्याच्या लिदीत पिंपे पुरून त्यात त्याने अंडी ठेवली. ऊब उत्तम मिळाली, पण लिदीच्या वाफेने पिल्ले आतल्या आत गुदमरली. तरी गडी हटला नाही. वाफ अडवून, हवा खेळती ठेवून त्याने पिल्ले काढली आणि १७४९ साली त्यावर भले थोरले पुस्तक लिहिले. मग १८८१ साली लंडनच्या हिअर्सनने पातळ डबीत ईथर भरून एक नियंत्रक बनवला. ऊब वाढली की डबी फुगते, दांडी उचलते आणि दिव्याची आच बाजूला पडते. माझ्या पेटीत जो शे-दोनशे रुपयांचा थर्मोस्टॅट टिकटिक करत होता, तो या सगळ्यांचा नातू.

माझी पेटी म्हणजे औषधाच्या दुकानातून आणलेला थर्मोकोलचा खोका, चाळीसचा बल्ब, रेडिओ दुरुस्तीवाल्याने दिलेला जुना पंखा, पाण्याची वाटी आणि वर काच. ऊब साडेसदतीस अंश. अंड्यांवर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल; आणि दिवसातून निदान तीनदा ती उलटायची, नाहीतर आतले पिल्लू कवचाला चिकटते. सकाळची पाळी माझी, रात्रीची कन्येची, दुपारची पुन्हा माझी, कारण सौ. शाळेत शिकवते आणि आई अंड्याला हात लावत नाही. त्यामुळे मी जेवणाच्या सुट्टीत रोज घरी पळू लागलो. चौथ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. "घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हटले, "नाही साहेब, अंडी उलटायला जातो." साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जा. पण दोनच्या आत या."

इथे एक गोष्ट मला खटकत होती. मावशींची कोंबडी हे सगळे फुकट करते, तर जगाने एवढी उठाठेव केली कशाला? याचे उत्तर हिशेबी आहे, म्हणून मला लगेच पटले. खुडूक बसलेली कोंबडी अंडी घालणे थांबवते. तीन आठवडे अंड्यांवर, पुढे कित्येक आठवडे पिल्लांमागे; तेवढे उत्पादन बुडाले. म्हणून पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जाती निवडता निवडता माणसाने कोंबडीतला खुडूकपणाच जवळजवळ काढून टाकला. सरळ सांगायचे तर व्यवस्थापनाने तिची बाळंतपणाची रजा रद्द केली आणि त्या जागी यंत्र बसवले. आपल्याकडे हा सगळा कारखाना उभा राहिला तो प्रामुख्याने पुण्याच्या बाजूने. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा पसारा तिथूनच वाढला, आणि १९८२ साली झालेली अंडी उत्पादकांची समन्वय समिती रोजचा अंड्याचा भाव जाहीर करू लागली. सरकारचेही मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आमच्या कोल्हापुरात आहे. शेतकऱ्यांना एक दिवसाची पिल्ले तिथून मिळतात. एक दिवसाची का, तर बाहेर पडण्याआधी पिल्लाने पिवळा बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्या शिदोरीवर ते दोन दिवस दाण्यावाचून तग धरते, आणि तेवढ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून चार जिल्हे ओलांडते. बरोबर डबा घेऊन जन्माला येणारा प्रवासी म्हणायचा!

सातव्या रात्री आम्ही दिवे मालवून मोबाइलच्या उजेडासमोर एकेक अंडे धरले. दोन अंडी नुसतीच पिवळी, स्वच्छ. ती खाती पहिल्या दिवसापासून निष्क्रिय होती. बाकी दहांत मात्र लाल शिरांचे जाळे, कोळ्याने विणल्यासारखे, आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता. सौ. काही बोलली नाही. आई लांब दारात उभी होती, ती एक पाऊल आत आली.

"बाबा," कन्या म्हणाली, "मलापण असंच पेटीत ठेवलं होतं ना?"

ही गोष्ट तिला फोटोवरून ठाऊक आहे. ती बत्तिसाव्या आठवड्यातच आली. वजन एक किलो चारशे ग्रॅम. मिरजेच्या एका दवाखान्यात सव्वीस दिवस ती काचेच्या पेटीत होती, आणि मी बाहेरच्या बाकावर. त्या दिवसांत मला तिच्या चेहऱ्यापेक्षा पेटीवरचे लाल आकडे जास्त पाठ झाले होते. वजनाची नोंद मी बँकेच्या डायरीत करायचो. वीस ग्रॅम जमा, दहा ग्रॅम नावे. ती डायरी अजून आहे.

मी वाचत होतो ते तिला त्या रात्री सांगितले नाही, नंतर सांगितले. पॅरिसला तार्निये नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. कमी दिवसांची मुले गारठून डोळ्यांदेखत जायची. १८८०च्या सुमारास त्यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि ती सांभाळणाऱ्या मार्तां यांनाच सांगितले, की अशीच एक माझ्या मुलांसाठी करून द्या. खाली गरम पाण्याची टाकी, वर बाळे. पहिल्या पेटीत एकाहून जास्त बाळे मावायची. त्या दवाखान्यात दोन किलोहून कमी वजनाच्या शंभर बाळांतली सहासष्ट जायची, ती अडतीसवर आली. आताचे आकडे कितीतरी बरे आहेत. पण सुरुवात ही, कोंबड्यांच्या खोक्यापासून. हे वाचले तेव्हा मी उठून त्या थर्मोकोलच्या खोक्यावरची धूळ पुसली. कारण सांगता येणार नाही.

एकोणिसाव्या रात्री साडेअकराला पावसाने वीज गेली. आमच्याकडे पावसात वीज जाणे ही बातमी नव्हे, पण आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच निवर्तली होती. थर्मोस्टॅटचे आकडे विझले. मी कपाटातून तापाचा थर्मामीटर काढला आणि पेटीत ठेवला. पण तापाचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, हे ध्यानात यायला मला वीस मिनिटे लागली. तोवर मी "काही उतरत नाही, सगळं ठीक आहे," असे सर्वांना सांगत होतो.

तेवढ्यात आई आतून आली. हातात तिची पाठ शेकायची रबरी पिशवी, गरम पाण्याने भरलेली, टॉवेलात गुंडाळलेली. तिने ती स्वतः पेटीत ठेवली. जिने तोवर अंड्याला बोट लावले नव्हते, तिने चार अंडी हाताने बाजूला सरकवून जागा केली आणि काच झाकून वर आपली घोंगडी घातली. मग दर तासाला चुलीवर, म्हणजे गॅसवर, पाणी तापत राहिले. आणि ऊब मोजायला? मी डोळे मिटले, एक अंडे उचलले आणि पापणीवर टेकवले. इजिप्तचा तो भट्टीवाला मला त्या रात्री अगदी शेजारच्या काउंटरवर बसल्यासारखा वाटला.

इतिहासात अशी रात्रपाळी मी एकटाच केलेली नाही. रोममध्ये लिव्हिया नावाची तरुण स्त्री होती. मुलगा होणार की मुलगी, हे जाणून घ्यायला तिने एक अंडे पदराआड छातीशी धरून उबवले. तिला ठेवावे लागले की दासीच्या हाती द्यायची, ऊब तुटू द्यायची नाही. तुरेबाज कोंबडा निघाला आणि पुढे मुलगा झाला तो टायबेरियस, रोमचा बादशहा. ज्योतिषाचा भाग सोडून देऊ. पण छातीशी धरण्याचा भाग खरा आहे. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरी दवाखान्यात पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी आयांना सांगितले की बाळ उघड्या छातीवर धरून ठेवा. मिरजेच्या परिचारिकेने आम्हाला तेच सांगितले होते. "कांगारू करा," म्हणाली. सौ.ला दोन दिवस ताप आला तेव्हा मी केले. माझ्या छातीने आयुष्यात खिशाला अडकवलेल्या पेनाखेरीज काही सांभाळलेले नव्हते. एक किलो सहाशे ग्रॅम. दोन तास मी खोकलोसुद्धा नाही.

पहाटे तीनला कन्येने पेटीला कान लावला आणि किंचाळली. अंडे आतून बोलत होते. पिल्लू बाहेर यायच्या आधी कवचाच्या आत चिवचिवते, हे मी वाचले होते, ऐकणे निराळे. आईनेही कान लावला. वीज आली पावणेपाचला.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिल्या अंड्याला तडा गेला आणि मग दुपारपर्यंत काहीही झाले नाही. पिल्लाच्या चोचीवर एक बारीक कठीण टोक असते, त्याने ते कवच फोडते, दमते, थांबते, पुन्हा फोडते. कन्या रडकुंडीला आली, "बाबा, सोल ना थोडं." मावशींना फोन लावला. "हात लावशीला तर बघा," एवढेच उत्तर आले. आतल्या शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पोटात जाईपर्यंत कवच सोलले तर पिल्लू दगावते. संध्याकाळी सहाला ते बाहेर पडले. ओले, वाकडे, पावसात छत्री उलटलेल्या कारकुनासारखे. तासाभरात वाळून पिवळे झाले.

बाविसाव्या दिवसापर्यंत हिशेब असा लागला : बारा जमा, दोन वांझ, एक मध्येच थांबलेले, चौदाव्या दिवशी उजेडासमोर ओळखू आले, सहा पिल्ले. तीन अंडी मिटलीच राहिली. वीज गेल्याने की माझ्या पापणीच्या चुकीने, कोण जाणे.

"त्यांनापण पेटी मिळाली होती ना?" कन्येने विचारले.

मी तिला तार्नियेंचा आकडा पुन्हा सांगितला. अडतीस आणि बासष्ट. तिने थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजले.

"म्हणजे मी बासष्टमधली," ती म्हणाली आणि पिल्लांना पाणी ठेवायला गेली. ती तीन अंडी आईने परसात, तुळशीपासून लांब पण कढीपत्त्याच्या जवळ, पुरली.

प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले नाही. ते पवनचक्कीला गेले. आठवडाभराने पिल्ले खोक्यातून बाहेर उड्या मारू लागली आणि आई पोथी वाचायला बसली की तिच्या चष्म्याच्या दोरीवर चोच मारू लागली, तेव्हा आम्ही ती तेरवाडला पोचवायचे ठरवले. मावशींच्या एका कोंबडीची पिल्ले नुकतीच निघाली होती. मावशी म्हणाल्या, दिवसा सोडली तर ती टोचेल. रात्री हळूच पोटाखाली सारली की सकाळी तिला आपलीच वाटतात. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. कन्येने एकेक पिल्लू त्या पंखांखाली सारले. कोंबडीने एकदा गुरकावून पंख थोडे पसरले आणि सहाही दिसेनाशी झाली.

निघताना मावशींनी मला अंगणात गाठले.

"बारा दिली हुती, सायेब."

"हो."

"सा आली."

"हो मावशी."

"माझी कोंबडी बारातली धा-अकरा काढती." त्या थोडे थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "न्हाई, म्हंजे आमच्या गटाचे पैसे तुमच्याकडंच हाईत, म्हणून इचारलं."